बारा पटींनी लहान बाल्कांव : दोन फेस्तांच्या मधला आठवडा

गोव्यात ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव) असतं आणि ८ डिसेंबरला पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं. दोन्ही ठिकाणी दुकानांच्या रांगा लागतात. २ ते ८ डिसेंबर असे सात दिवस मोकळे ठेवले तर त्यात म्हापशाच्या बाजाराचा एक शुक्रवारही येतोच. छोट्या वस्तूंचा छंद नव्यानं लागलेल्या माणसाला यापेक्षा सोयीचा आठवडा मिळायचा नाही. सकाळी बाजार आणि संध्याकाळी हातकाम करत गेलात तर नाताळच्या बऱ्याच आधी एक वस्तू तयार होते. या लेखात ती वस्तू म्हणजे नाताळासाठी सजवलेलं गोव्याच्या जुन्या घराचं बाल्कांव : समोर पायऱ्या, दोन्ही बाजूंना बांधीव बाकं म्हणजे सोपे, वर मंगळुरी कौलं, वळचणीला कागदी तारा आणि कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा.

सगळ्यात आधी मोजमाप ठरवा. जगभर बाहुलीघरं बनवणारे बहुतेक जण १:१२ हे माप वापरतात, म्हणजे खऱ्या वस्तूचा एक फूट इथे एक इंच होतो. सेंटिमीटरमध्ये काम करायचं तर खरं माप घ्या आणि बाराने भागा. नवशिक्यांची कामं फसतात ती हात कच्चा असतो म्हणून नव्हे, बाजारात गोंडस दिसलेली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या मापाची असते म्हणून. तांब्या खुर्चीएवढा दिसला की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते आणि बाकीची मेहनत वाया जाते.

आपल्या बाल्कांवाची मापं अशी. जागा ३ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल धरली, म्हणून २५ × १५ सेंटिमीटर. पायरीची उंची १.२५ आणि पाऊल ठेवायची जागा २.५ सेंटिमीटर. तीन पायऱ्या, म्हणून जोतं ३.७५ सेंटिमीटर. सोपे १२.५ लांब, ३.७५ रुंद आणि ३.७५ उंच. पुढचे दोन खांब २ सेंटिमीटर जाड आणि १८.५ उंच. मागची भिंत जोत्यापासून २७ सेंटिमीटर. दार १७.५ × ८.३. छपराचा उतार ३० अंश.

साहित्यात ३० × २५ सेंटिमीटरचा ६ मिलिमीटर जाड एमडीएफचा तुकडा तळाला लागेल. ५ मिलिमीटरच्या फोम बोर्डचे ए-थ्री आकाराचे तीन ताव, विटकरी रंगाच्या एअर ड्राय क्लेचं ५०० ग्रॅमचं पाकीट आणि फेविकॉल घ्या. शिवाय नव्या पात्यांचं कटर, स्टीलची मोजपट्टी, गुण्या, आइस्क्रीमच्या काड्या, बांबूचे टूथपिक, पतंगाचा कागद, ॲक्रिलिक रंग आणि ३ मिलिमीटरचे दोन-तीन उबदार पांढरे एलईडी. कटरची पाती स्वस्त असतात, तिथे काटकसर करू नका. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि ती दातेरी कड रंग लावूनही लपत नाही.

२ डिसेंबर : कौलं

घराची सुरुवात छपरापासून करणं विचित्र वाटेल, पण सगळा आठवडा माती वाळण्यावर अवलंबून आहे. आज केलेली कौलं परवा हाताळण्याजोगी होतात.

मंगळुरी कौलांची सुरुवात मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यातून झाली आणि तीच कौलं किनारपट्टीभर पसरली. खरं कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब असतं. शेजारच्या कौलात अडकल्यावर त्याची सुमारे २१ सेंटिमीटर रुंदी दिसते आणि वरच्या ओळीखाली साताठ सेंटिमीटर लांबी झाकली जाते. आपल्यासाठी कौल झालं ३.४ × १.७५ सेंटिमीटर, ओळींमधलं अंतर २.७५. छपराला सात ओळी आणि दर ओळीत सतरा, म्हणजे ११९ कौलं. करताना १३५ करा, काही तडकतात, काही वाकतात.

माती वाळताना आटते. किती, हे पाकिटागणिक बदलतं. त्यासाठी आदल्या दिवशी दहा सेंटिमीटरची पट्टी लाटून वाळवा आणि मोजा. ९.४ भरली तर ओलं कौल ३.६ × १.८५ कापायचं. ही परीक्षा टाळली तर छपराच्या कडेला अर्ध्या कौलाची फट उरते आणि ती बुजवायला काहीच सुचत नाही.

दोन आइस्क्रीमच्या काड्या समांतर ठेवा, मधे माती, वरून प्लास्टिकचा कागद, आणि लाटणं काड्यांवर टेकेपर्यंत लाटा. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, तेवढीच जाडी सगळीकडे येते. आता ठसा. पुठ्ठ्याच्या कौलाएवढ्या तुकड्यावर दोन टूथपिक लांबीच्या दिशेने, कडेपासून ४ मिलिमीटर आत चिकटवा. त्याला तेलाचं बोट पुसा आणि प्रत्येक कौलावर एकदा दाबा. कौलाच्या दोन पन्हळी उमटतात. आधी ठसा आणि मग कापणी हाच क्रम ठेवा. कापून मग दाबलं तर कडा फुगतात.

वाळवण हा या कामाचा नाजूक भाग. उघड्यावर ठेवलेलं कौल वरून आधी वाळतं, खालून ओलं राहतं, आणि चारही कोपरे वर उचलले जातात. म्हणून प्लायवुडवर वर्तमानपत्र, त्यावर कौलं, वर पुन्हा वर्तमानपत्र आणि हलकी फळी. चार-पाच तासांनी उलटा, कागद बदला. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका. किनाऱ्यावरच्या हवेत पुरती वाळायला दीड दिवस धरा. बाजूला कापून पडलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, मडक्यांना उपयोगी पडेल.

३ डिसेंबर : जुनं गोवं

फेस्ताच्या दिवशी पहाटेपासून मिसांना, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांना, गर्दी असते आणि गाड्या लांब लावाव्या लागतात. आधी चर्चमध्ये जायचं असेल तर लवकर निघा. नुसती दुकानं बघायची तर दुपार बरी.

पिशवीत पंधरा सेंटिमीटरची पट्टी, झाकणाचा कडक डबा, थोडा कापूस आणि १४ सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची माणसाकृती असू द्या. ही पुठ्ठ्याची बाई पट्टीपेक्षाही जास्त उपयोगी आहे. वस्तू तिच्याशेजारी उभी करा आणि विचारा, ही बाई ती उचलू शकेल का, तिच्यावर बसू शकेल का? उत्तर लगेच मिळतं.

फेस्तात मातीची भांडी, खेळणी, मेणबत्त्या, खाजं, चणे, कपडे, सगळं असतं. आपल्या कामाचं त्यातलं थोडंच. मातीच्या खेळण्यांत पाच सेंटिमीटरचं मडकं दिसलं की नवशिका ते पाण्याचा तांब्या म्हणून घेतो. बाराने गुणा : साठ सेंटिमीटर! तांब्या म्हणून ते हास्यास्पद दिसेल, पण कोपऱ्यात ठेवायचा रांजण म्हणून अगदी बरोबर आहे. चुकीच्या मापाची वस्तू टाकून देण्याआधी ती दुसऱ्या कशासाठी चालते का ते बघायची सवय लावा. कळशी हवी असेल तर अडीच सेंटिमीटरची शोधा, पाण्याचा पेला एका सेंटिमीटरच्या आतबाहेर.

उंचीइतकीच जाडी महत्त्वाची. भांड्याच्या काठाची जाडी तीन मिलिमीटर असेल तर खऱ्यात ती साडेतीन सेंटिमीटर होते. असं भांडं उंचीला जमलं तरी ओबडधोबड दिसतं. पॉलिश पेपरने काठ आतून घासून पातळ करता येतो, बाहेरून घासू नका, आकार बिघडतो.

गोठ्याच्या मूर्तींचे संच या दिवसांत सगळीकडे मिळतात, आणि फसगत तिथेच जास्त होते. घरच्या गोठ्यातल्या मूर्ती खऱ्यात पंधरा-वीस सेंटिमीटरच्या असतात, म्हणजे आपल्याला हव्यात सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटरच्या. बाजारातला चार-पाच सेंटिमीटरचा संच बाल्कांवात ठेवला तर मारिया अन् जुझे माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे होतात. तो संच आवडलाच तर घ्या, पण वेगळ्या देखाव्यासाठी. इथल्या मूर्ती उरलेल्या मातीतून करायच्या. डोकं म्हणजे मोहरीपेक्षा थोडा मोठा गोळा आणि अंग म्हणजे शंकू, एवढंच. इतक्या लहान आकाराला नाकडोळे काढायला जाऊ नका. झग्याचे रंग निळा आणि तपकिरी ठेवले की ओळख पटते.

४ डिसेंबर : जोतं, भिंत, सोपे

फोम बोर्ड एका दमात कापायचा नाही. तीन वेळा पातं फिरवा : पहिल्यांदा वरचा कागद, दुसऱ्यांदा फोम, तिसऱ्यांदा खालचा कागद. जोत्याचा खोका करताना आत दर पाच-सहा सेंटिमीटरवर आडवी पट्टी द्या, नाहीतर मध्यभाग खचतो. पायऱ्या जोत्याच्या पुढे अडीच-अडीच सेंटिमीटरने बाहेर येतील. तळाचा तुकडा २५ सेंटिमीटर खोल घेतला तो यासाठीच.

जोत्याला जांभा दिसला पाहिजे, आणि हा भाग मन लावून करण्यासारखा आहे. खोका पूर्ण चिकटून वाळल्यावर, आधी नाही, बाहेरच्या बाजूचा कागद हलकं पाणी लावून सोला. आधी सोलला तर बोर्ड एका दिवसात वाकतो. उघड्या फोमवर बॉलपेनाने चिऱ्यांच्या रेघा दाबा : चिरा ३.२ × १.५ सेंटिमीटर, आणि वरच्या ओळीचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा सगळीकडे दाबत फिरवा. जांभ्याची छिद्रं त्यातून येतात. रंगाचे तीन हात : पहिला विटकरी-तपकिरी सगळीकडे, दुसरा काळ्या रंगाचं पाणी, जे छिद्रांत उतरतं आणि वरून पुसायचं, तिसरा कोरड्या ब्रशने पिवळी माती, फक्त उंचवट्यांवर. स्प्रे पेंट वापरू नका. त्यातलं द्रावण फोम विरघळवतं आणि चिऱ्यांचा लगदा होतो.

मागच्या भिंतीला आणि सोप्यांना गिलावा हवा. फेविकॉलमध्ये चाळलेली बारीक रेती आणि पांढरा ॲक्रिलिक मिसळून पातळ हात द्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूला ओल गेली की ती धनुष्यासारखी वाकते. रंग निळा, पिवळा किंवा गेरूचा घ्या, दाराभोवती पांढरी पट्टी सोडा. दाराशेजारी खिडकी ठेवलीत तर तिला काच लावू नका. जुन्या गोवन घरांत लाकडी चौकटीत शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. ट्रेसिंग पेपरवर मोतिया नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला की तोच धूसर उजेड येतो. चौकटीचे चौकोन साधारण सहा मिलिमीटरचे.

फेवि-क्विक या भागात नकोच. त्याच्या वाफेने रंगावर पांढरी बुरशीसारखी छटा चढते आणि ती जात नाही.

म्हापशाचा शुक्रवार

शुक्रवार कोणत्याही तारखेला येवो, सकाळचे तीन तास त्याला द्या. तो ३ किंवा ८ तारखेलाच आला तर म्हापसा सकाळी उरका. इथे चटया, टोपल्या, सुपं आणि मातीची भांडी एकाच फेरीत बघायला मिळतात. तयार छोट्या वस्तूंपेक्षा इथून कच्चा माल घ्या. बारीक विणीच्या चटईचा तुकडा आणि सुतळीचे धागे हवेतच, बांबूच्या तुटक्या टोपलीच्या कामट्याही मागून बघा. वीण निवडताना पुन्हा बाराने गुणा. दोन मिलिमीटर रुंद पट्टीची चटई खऱ्यात अडीच सेंटिमीटर पट्टीची दिसेल, ती चालते. त्याहून जाड नको.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी वाटेत सावंतवाडीची चितार आळी चुकवू नये. तिथल्या लाकडी खेळण्यांचा रंग आणि झळाळी सुंदर असते, मात्र बहुतेक भातुकली १:१२ पेक्षा मोठी आहे. पाटा, पोळपाट, लाकडी पेट्या अशा वस्तू पट्टी लावून एकेक बघा. पुण्याच्या तुळशीबागेतल्या पितळी भातुकलीलाही हीच कसोटी. संच घेण्यापेक्षा त्यातलं सगळ्यात लहान भांडं सुटं मिळतं का ते विचारा.

५ डिसेंबर : शाकारणी

छपराचा बोर्ड ३० × २० सेंटिमीटर. कौलं वाळल्यावर त्यांचं वजन पावशेराच्या आसपास जातं, म्हणून खालून उताराच्या दिशेने चार रिपा द्या, आइस्क्रीमच्या काड्या चालतात. खालून वर बघणाऱ्याला त्याच वाशांसारख्या दिसतात, त्यांना गडद तपकिरी रंग द्या.

बोर्डवर २.७५ सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा. वळचणीच्या कडेला आधी दीड मिलिमीटर जाडीची पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. वरच्या सगळ्या ओळींना खालच्या कौलाचा उंचवटा मिळतो, पहिल्या ओळीला मिळत नाही. पट्टी नसेल तर ती ओळ खाली झुकते आणि छपराची कड पडल्यासारखी वाटते. खऱ्या छपरातही ही काळजी घेतात. खालून वर, डावीकडून उजवीकडे, दर कौलाला वरच्या टोकाशी फेविकॉलचा एक थेंब. दोन ओळी झाल्या की अर्धा तास थांबा, सगळ्या एकदम लावल्या तर उतारावरून घसरतात.

रंगाचं काम कमी ठेवा. माती विटकरी असेल तर दर आठ-दहा कौलांमागे एखादं जरा काळपट करा, आणि वळचणीजवळच्या दोन ओळींवर हिरवट-काळ्या रंगाचं पाणी सोडा. पावसाळ्यानंतरचं शेवाळ डिसेंबरात वाळून असंच दिसतं. सगळी कौलं एकाच छटेची राहिली तर छप्पर प्लास्टिकचं वाटतं.

६ डिसेंबर : तारा आणि दिवा

खरा तारा ५० सेंटिमीटरचा धरला तर आपला ४.२ सेंटिमीटर. टूथपिक उभी चिरून अर्धी करा, ४.२ सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा. पाच तुकड्यांचा एक तारा, एकमेकांवरून जाणाऱ्या पाच सरळ रेघांचा, कागदावर आधी आखून त्यावर काड्या ठेवा. काडीची लांबी म्हणजेच ताऱ्याची रुंदी, म्हणून दुसरा हिशेब लागत नाही. असे दोन तारे करून त्यांची पाचही टोकं धाग्याने बांधा, आणि आत जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी आठ मिलिमीटरचे टेकू उभे करा. मध्य फुगतो, टोकं मिटलेली राहतात.

पतंगाचा कागद निम्म्यास निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलने, एका वेळी एक त्रिकोण असा चिकटवा. कागद ओढून ताणू नका, वाळताना तो स्वतःच ताणतो. आधीच ताणलेला फाटतो. मागचा एक त्रिकोण दिवा आत जाईपर्यंत उघडा ठेवा.

एलईडीचा लांब पाय धन. मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टवर चालवायचा तर दर दिव्याला २२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग) जोडा, साधारण ९ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो आणि कागद तापत नाही. रेझिस्टर विसरला तर दिवा क्षणभर झगझगतो आणि जळतो. वायर नको असेल तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल एका दिव्याला रेझिस्टरशिवायही चालवतो, कारण तो फार प्रवाह देऊच शकत नाही. तारा चिकटवण्याआधी दिवा दहा मिनिटं लावून बघा. वायर छपराखालच्या रिपेच्या कडेने मागच्या भिंतीआड न्या.

७ डिसेंबर : फराळ आणि गोठा

बाल्कांवातल्या छोट्या टेबलावर नाताळची ताटली हवीच. यासाठी पॉलिमर क्ले घ्या, एअर ड्राय क्ले एवढ्या लहान कामात भेगाळते. टेबलाची उंची ६.३ सेंटिमीटर. नेवरी, म्हणजे करंजी, खऱ्यात दहा सेंटिमीटरची, इथे आठ मिलिमीटर : वाटोळी चकती दुमडा आणि काठाला सुईने बारीक खुणा करा. बिबिंक म्हणजे थराथरांचा गोड केक, त्यासाठी फिकट आणि गडद तपकिरी असे ०.७ मिलिमीटरचे सात थर आलटून पालटून रचा, १७ मिलिमीटरचा गोल कापा, आणि भाजण्याआधी फ्रिजमध्ये पंधरा मिनिटं ठेवून मगच तुकडा काढा. मऊ असताना कापली तर थर एकमेकांत फासतात, आणि सुटे दिसणारे थर हीच तर बिबिंकेची ओळख. दोदोल ही गूळ-नारळाची मऊ वडी, इथे जवळजवळ काळा चौकोन, वरून वॉर्निशचा थेंब. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, बहुतेक ११० ते १३० अंशांना, ओटीजीत भाजा, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओटीजीची चकती वीस-तीस अंशांनी खोटं बोलते. माती करपली तर धूर घातक असतो, खिडक्या उघडा. मायक्रोवेव्ह वापरू नका.

गोठ्यासाठी लोक आधी काही दिवस नाचणी किंवा गहू पेरून हिरवळ उगवतात. इथे खरी हिरवळ चालत नाही, तिचं पातं बाल्कांवात उसासारखं दिसेल. बारीक चाळलेला लाकडाचा भुसा पोस्टर कलरच्या दोन हिरव्या छटांत रंगवून वाळवा आणि फेविकॉलवर भुरभुरा. छपराला सुतळीचे उकललेले धागे, अर्ध्या सेंटिमीटरच्या जुड्या करून. बाळ येशूची मूर्ती चिकटवू नका. गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते, म्हणून ती मूर्ती छोट्या डबीत जपून ठेवा.

८ डिसेंबर : पणजी

शेवटच्या दिवशी काय कमी आहे ते नेमकं माहीत असतं, म्हणून यादी लहान असावी. चर्चच्या आसपासच्या रस्त्यांवर फर्निचरपासून खाज्यापर्यंत दुकानं असतात. कपड्यांच्या दुकानांत उरलेली लेस विचारा : टेबलक्लॉथसाठी पाच मिलिमीटरपेक्षा रुंद नक्षीची नको. फर्निचरवाल्यांकडे विकत घेण्यासारखं आपल्या मापाचं काही नसलं, तरी खुर्च्यांची मापं टिपून घ्या. बैठकीची उंची, पाठीचा कल, पायाची जाडी. पुढच्या कामाला ते फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

घरी येऊन जोडणीचा क्रम पाळा : सोपे, खांब, छप्पर, तारा, आणि सगळ्यात शेवटी सुट्या वस्तू. भांडी आणि ताटली फेविकॉलने नव्हे, मेणाच्या कणाने टेकवा, म्हणजे पुढच्या वर्षी मांडणी बदलता येते. धूळ या कामाची मोठी शत्रू आहे. बारा पटींनी मोठी करून पाहिली तर तिचा प्रत्येक कण वाळूच्या कणाएवढा होतो, आणि कौलांच्या पन्हळीत बसलेला सहज निघत नाही. वर ॲक्रिलिकचा डबा झाकण म्हणून ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. त्या जूनच्या आधी बदला, नाहीतर पावसाळ्यात पतंगाचा कागद सैल पडतो. नाताळ आटोपला की सेल काढून ठेवा, आत राहिलेला सेल गळला तर वायर खराब होते.